लेखणीचे लाकूड

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे दोन जिल्हे. १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता आणि १९६४ पूर्वी त्याला चांदा असे नाव होते. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेले येथील अरण्य फार विस्तीर्ण आहे. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग आजही वनाने झाकलेला आहे. आलापल्लीचा साग तर सर्वत्र नावाजलेला. २०२३ साली अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी जो साग गेला, तो बल्लारपूरच्या लाकूड आगारातून. मोठमोठ्या वास्तूंना लाकूड पुरविणाऱ्या या मुलखातील एखाद्या शाळेत जाऊन मुलांच्या हातांतील पेन्सिली पाहिल्या, तर मात्र नवल वाटते. दाराशी नाना जातींचे वृक्ष उभे असताना त्या बोटाएवढ्या पेन्सिलीचे लाकूड बहुधा दूर काश्मीरहून आलेले असते.

असे का होते, हे समजण्यासाठी प्रथम पेन्सिलीकडेच नीट पाहिले पाहिजे. तिला आपण शिसपेन्सिल म्हणतो. पण तिच्यात शिसे मुळीच नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये एक काळा, मऊ पदार्थ सापडला. तो शिशाचाच प्रकार असावा असे लोकांना वाटले आणि तेच नाव चिकटून राहिले. वस्तुतः तो ग्रॅफाइट होता, म्हणजे कोळशाचा आणि हिऱ्याचा भाऊबंद. पुढे १७९५ साली काँते नावाच्या फ्रेंच माणसाने ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून तिच्या कांड्या भाजण्याची युक्ती काढली. आजही पेन्सिलीची कांडी त्याच रीतीने तयार होते. ही कांडी ठिसूळ असते. तिला सांभाळणे हे लाकडाचे काम.

टोक न केलेली नवी पेन्सिल घेऊन तिच्या बुडाकडे निरखून पाहा. रंगाचा थर आड येत नसेल, तर मध्यावरून गेलेली एक बारीक रेघ दिसेल. पेन्सिल म्हणजे भोक पाडून कांडी घातलेली काठी नव्हे. लाकडाच्या पातळ पट्टीवर ओळीने खाचा पाडतात, त्यांत कांड्या ठेवतात, वरून तशीच दुसरी पट्टी सरसाने चिकटवितात आणि मग त्या जोडपट्टीतून एकेक पेन्सिल कापून काढतात. असे लाकूड सरळ रेषांचे, हलके व एकजीव असावे लागते. पात्याखाली ते कोणत्याही बाजूने सारखेच कापले गेले पाहिजे. नाहीतर टोक करताना ढलपी उडते आणि आतली कांडी मोडते.

या कसोटीला साग उतरत नाही. सागाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते आणि त्या वलयाच्या आरंभी मोठमोठी छिद्रे असतात. त्यामुळे एकाच लाकडात मऊ व कठीण असे पट्टे एकाआड एक येतात. शिवाय त्यात वाळूच्याच जातीचे सूक्ष्म कण असतात. ते पात्याची धार घालवितात. त्याच्या अंगी तेल असते, म्हणून त्याला वाळवी सहजी लागत नाही. पण त्याच तेलामुळे सरस नीट धरत नाही. तुळईचा हा गुण पेन्सिलीचा दोष ठरतो. ऐन, धावडा, तिवस ही झाडे तर याहून कठीण. तिवसाने गाडीची चाके करावीत आणि धावड्याने कुऱ्हाडीचे दांडे!

म्हणून आपल्या देशातील पेन्सिलींसाठी लागणाऱ्या पट्ट्यांपैकी मोठा भाग काश्मीरमधील पुलवामा जिल्ह्यातून येतो. तेथील उखू हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे पॉप्लर नावाचे मऊ लाकडाचे झाड मुद्दाम लावतात आणि ते थोड्या वर्षांत तोडण्याजोगे होते. मुद्दाम लावतात, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अमेरिकेत एके काळी पेन्सिलींसाठी तांबडा सीडार नावाचा सुगंधी वृक्ष वापरीत. तो इतका तोडला गेला की, विसाव्या शतकाच्या आरंभी कारखानदारांची माणसे शेतकऱ्यांच्या दारी जाऊन जुन्या कुंपणांच्या फळ्या विकत घेऊ लागली, कारण त्या कुंपणांत तेच लाकूड होते. पुढे त्यांना कॅलिफोर्नियातील दुसऱ्या वृक्षाकडे वळावे लागले. एका पेन्सिलीला लाकूड ते किती लागते! पण पेन्सिली कोट्यवधी लागतात.

पेनाचे लाकूड निवडताना मात्र सगळा न्याय उलटतो. पेन आपण तासत नाही. ते वर्षानुवर्षे हातात राहावे, घामाने व शाईने खराब होऊ नये, बोटांना गुळगुळीत लागावे, अशी अपेक्षा असते. म्हणून जड, घट्ट आणि रंगदार लाकूड येथे उपयोगी पडते. आणि अशा लाकडांची या अरण्यात वाण नाही. शिसवाचे लाकूड जांभळट तपकिरी असून त्यावर काळ्या रेषा असतात. ते चांगले खरे, परंतु शिसवाच्या कुळातील वृक्ष जगभर इतके तोडले गेले की, २०१७ पासून त्यांच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आले आहेत. बीजा किंवा बिबळा या झाडाच्या सालीला घाव घातला, तर रक्तासारखा तांबडा डिंक वाहतो. त्याचे लाकूड पाण्यात ठेवून ते पाणी उन्हात धरले, तर त्यावर निळसर झाक चमकते. हळदूचे लाकूड नावाप्रमाणेच पिवळे आणि इतक्या बारीक पोताचे असते की, पूर्वी त्याच्या फण्या आणि गिरण्यांतील सुताची बॉबिने करीत. तो ताजा पिवळा रंग मात्र हवेत टिकत नाही. दक्षिण अमेरिकेत एक झाड याच्या उलट वागते. कापताना त्याचे लाकूड तपकिरी असते आणि हवा लागताच जांभळे होते! परदेशातील हौशी कारागीर पेनासाठी ते मोठ्या आवडीने घेतात.

परंतु पेनाच्या दृष्टीने खरा मानकरी आहे तेंदू. वनस्पतिशास्त्रातील त्याच्या नावाचा दुसरा भाग आहे मेलॅनॉक्सिलॉन, म्हणजे काळे लाकूड. आफ्रिकेतील व सिंहलद्वीपातील ज्या काळ्याभोर आबनुसाचे जगाला कौतुक, त्याच कुळातील हा वृक्ष. आबनुसाशी पेनाचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकात रबर आणि गंधक एकत्र तापवून एक कठीण काळा पदार्थ तयार करण्यात आला. तो दिसायला आबनुसासारखा, म्हणून आबनुसाच्या इंग्रजी नावावरून त्याला एबोनाइट म्हणू लागले, आणि शाईची पेने त्याचीच होऊ लागली. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीच्या काठी, पुष्कळ खाली, आंध्रातील राजमहेंद्री येथे १९३० नंतरच्या दशकापासून रत्नम नावाची स्वदेशी पेने हाताने घडविली जाऊ लागली, ती एबोनाइटचीच.

असे असूनही तेंदूला आपल्याकडे कोणी काळ्या लाकडाचे झाड म्हणून ओळखत नाही. ओळखतात ते विडीच्या पानासाठी. चैत्र-वैशाखात भल्या पहाटे गोंड, माडिया आणि इतर कुटुंबे पाने तोडावयास रानात जातात. त्या थोड्या दिवसांच्या मजुरीवर पुष्कळ घरांचा वर्षाचा मोठा खर्च भागतो. पान कोवळे व रुंद यावे म्हणून त्याआधी तेंदूची झुडपे छाटतात. जे झुडूप असे वरचेवर छाटले जाते, त्याचा वृक्ष होत नाही. आणि काळे लाकूड तर वयोवृद्ध वृक्षाच्या गाभ्यातच असते, तेही सलग नव्हे. बाहेरचे लाकूड फिकट गुलाबी असते. तेव्हा पान हवे की गाभा, असा हा प्रश्न आहे. ज्याच्या चुलीला यंदा सरपण आणि घरात धान्य हवे, तो पानच निवडणार. त्याला नावे ठेवणे योग्य नाही.

सुदैवाने पेनासाठी झाड तोडावे लागत नाही. दोन सेंटीमीटर जाड आणि तेरा सेंटीमीटर लांब एवढा ठोकळा एका पेनाला पुरतो. हिशेब करून पाहा: करवतीखाली भुसा होणारे लाकूड वजा केले, तरी एक घनफूट लाकडात असे सुमारे चारशे ठोकळे निघतात. लाकूड कापण्याच्या गिरणीत तुळया व फळ्या काढल्यावर जे तुकडे उरतात, ते बहुधा जळणात जातात. त्यांतून ठोकळे निघू शकतात.

ठोकळा ओला असेल, तर पेन पुढे तडकते. लाकडातील ओल टोकांकडून लवकर निघते आणि तेथेच भेगा पडतात. म्हणून दोन्ही टोकांना मेण लावून ठोकळे सावलीत ठेवतात व दर आठवड्याला वजन करतात. वजन उतरणे थांबले की लाकूड सुकले असे समजावे. मग त्यात उभे भोक पाडून पितळेची नळी बसवितात. साग असेल, तर त्याचे तेल आधी स्पिरिटने पुसून घेतात. नंतर कातारी तो ठोकळा चरकावर चढवितो आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावून त्याला गोल आकार देतो. शेवटी लाखेची कांडी त्या फिरत्या पेनावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर काचेसारखा थर बसतो. ही लाख म्हणजे पळस, कुसुम यांसारख्या झाडांवर राहणाऱ्या एका चिमुकल्या कीटकाने आपल्याभोवती केलेले आवरण होय.

आता राहिला बांबू. वास्तविक तो लाकूड नव्हे, गवत आहे; पण पोकळ असल्यामुळे त्याला भोक पाडण्याचे कष्ट नाहीत, आणि तीन-चार वर्षांत तो पक्व होतो. पूर्वी या भागातील पुष्कळ बांबू कागदासाठी जाई. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ साली स्थापन झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंडांच्या गावाने आपल्या रानातील बांबूवर गावाचा हक्क असावा म्हणून दीर्घकाळ प्रयत्न केला. २००९ साली त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू स्वतःच्या परवान्याने विकण्याचा अधिकारही मिळाला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे २०१४ साली स्थापन झालेल्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात बांबूच्या वस्तू करण्याचे शिक्षण दिले जाते.

बांबूची लेखणी तर आपणही करू शकाल. मात्र चाकू धरताना घरातील मोठ्या माणसाला जवळ घ्यावे. पक्व बांबूची बोटभर जाडीची कांडी काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावी, म्हणजे तिच्यातील पिष्ट निघून जाते आणि कीड लागत नाही. वाळल्यावर एक टोक तिरके छाटून पातळ करावे व मध्यभागी एक बारीक चीर द्यावी, म्हणजे शाई त्या चिरेतून उतरते. बोरूही असाच करीत. अशी लेखणी शाईत बुडवून ‘क’ काढून पाहा. एका दिशेने जाताना रेघ जाड उमटेल आणि दुसऱ्या दिशेने वळताच बारीक होईल. आपल्या पुस्तकांत छापलेल्या देवनागरी अक्षरांत जी जाड-बारीक वळणे दिसतात, ती या तिरक्या टोकातून आलेली आहेत.