सायकलीचा नंबर तुम्हाला पाठ आहे का?

आमच्या नववीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिली. एरवी ती कधी शाळा चुकवत नसे. चौथ्या दिवशी तिचे अब्बा शाळेत आले. सांगली-मिरज रस्त्यावर त्यांची फळांची गाडी असते. म्हणाले, "सर, पोरीची सायकल गेली. क्लासच्या खाली लावली होती. तासाभरात खाली आली तर सायकल नाही."

घरापासून शाळा चार किलोमीटर. रोजची रिक्षा परवडणारी नाही. पहाटे माल आणायचा, मग गाडी लावायची, त्यामुळे अब्बांना तिला सोडायला सवड नाही. खाली मान घालून ते पुढे म्हणाले, "घरात म्हणतात, आता घरीच अभ्यास करू दे, पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरू."

एक सायकल गेली आणि तिच्याबरोबर एका हुशार मुलीची शाळा जाण्याची वेळ आली. आम्ही त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी बसवून घेतले आणि तीन गोष्टी विचारल्या. सायकलीचा नंबर काय? बिल आहे का? फोटो आहे का? तिन्हींचे उत्तर "नाही" असे होते. "लाल रंगाची आहे साहेब, पुढे बास्केट आहे," एवढेच ते सांगू शकले. लाल रंगाच्या आणि बास्केटच्या सायकली सांगलीत किती असतील!

परत येताना मनात विचार आला, आमच्या घरात दोन सायकली आहेत, त्यांचे नंबर तरी आम्हाला कुठे ठाऊक आहेत?

आमच्याकडून झालेली चूक

हा विषय काढलाच आहे तर एक जुनी गोष्टही कबूल करायला हवी. आमचे बालपण साताऱ्यात गेले, नोकरी सांगलीत. काही वर्षांपूर्वी साताऱ्यात भाच्यासाठी जुनी सायकल हवी होती. एका ओळखीच्या माणसाने अठराशे रुपयांत एक जवळजवळ नवी सायकल आणून दिली. बिल मागितले तर म्हणाला, "घरातली आहे, बिल कशाला?" स्वस्त मिळाली म्हणून आम्ही खूश झालो.

दोन-तीन महिन्यांनी जुम्याच्या नमाजनंतर भाचा मशिदीबाहेर सायकल काढत होता. एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. "बेटा, हे कॅरिअर मी स्वतः वेल्डिंग करून घेतलंय," असे म्हणून त्यांनी सायकल उलटी केली आणि पायडलच्या खालचा नंबर खिशातल्या बिलाशी ताडून दाखवला. सायकल त्यांच्या मुलाची होती. आम्ही तिथेच ती परत केली. ते आम्हाला काही बोलले नाहीत. भाच्याने मात्र घरी येताना विचारले, "मामू, आपण चोर आहोत का?"

त्या प्रश्नाचे उत्तर देताना आमची जीभ अडखळली. आम्ही चोरी केली नव्हती. पण इतक्या कमी पैशांत, बिलाशिवाय ही वस्तू कशी मिळते, हा प्रश्न आम्ही मुद्दामच विचारला नव्हता. सायकल चोरीला जाते, कारण ती कोणीतरी विकत घेते. चोर एक असतो, पण त्याचे गिऱ्हाईक आपल्यासारख्या घरांतूनच मिळते.

उताराचे शहर, सपाटीचे शहर

सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले. तेथे राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येताना पायडल मारावे लागत नाही आणि परत जाताना उतरून सायकल ढकलावी लागते, हा आमच्या शाळकरी दिवसांचा अनुभव. सांगली-मिरज मात्र कृष्णाकाठची सपाट जमीन. येथे दूधवाले, पेपरवाले, कारखान्यातले कामगार, शाळेच्या मुली, सगळ्यांचे दिवस आजही सायकलवर निघतात. मोटारसायकली वाढल्या, तरी पेट्रोल न पिणारे वाहन गरिबाच्या दारातून गेलेले नाही.

अब्बा सांगत, त्यांच्या तरुणपणी नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि पत्र्याचा बिल्ला देई. रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडून देत. बिल्ल्याचा लोकांना कंटाळा होता, पण सायकल कोणाची हे त्यामुळे कळे. आज मोटारसायकलीची नोंद आर.टी.ओ.त होते, सायकलीची कोठेच होत नाही. जपानमध्ये १९९४ पासून सायकलीची नोंदणी सक्तीची आहे. सांगाड्यावर क्रमांकाचे स्टिकर असते आणि पोलिसांना त्यावरून मालक कळतो. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही, म्हणून ते काम आपल्यालाच घरी करावे लागते.

ते अवघड नाही. बहुतेक सायकलींच्या सांगाड्यावर कारखान्यातच नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी केली की दोन पायडलच्या मधल्या जाड नळीखाली तो सापडतो. काहींमध्ये सीटखालच्या उभ्या नळीवर असतो. चिखल आणि ग्रीस पुसून तो वहीत लिहावा, मोबाइलवर फोटो काढावा. मग मुलाला शेजारी उभे करून पूर्ण सायकलीचा एक फोटो घ्यावा. बिलाचाही फोटो काढून ठेवावा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीतल्या कितीतरी घरांतली कागदपत्रे भिजून लगदा झाली. कागद पाण्यात जातो, पण नातेवाइकांच्या मोबाइलवर पाठवलेला फोटो राहतो.

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री चाचा आणखी एक युक्ती सांगतात. सीट काढून आतल्या नळीत नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी. चोर रंग बदलेल, बास्केट काढेल, नंबरही घासेल, पण नळीत हात घालून बघणारा विरळाच.

आधी उंट बांधा

उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. सायकलीच्या बाबतीत मात्र आपण ती विसरतो. मागच्या चाकाला बसवलेले गोल कुलूप लावले की काम झाले असे वाटते. त्या कुलपाने चाक फिरत नाही एवढेच. सायकल उचलून टेम्पोत टाकायला दोन माणसे आणि अर्धे मिनिट पुरते.

म्हणून सायकल कशाला तरी बांधली पाहिजे. खांब, जाळी, जिन्याचा कठडा, जे जमिनीत पक्के असेल ते. साखळी चाकाबरोबर सांगाड्यातूनही जायला हवी. नुसते पुढचे चाक बांधले तर चाक खांबाला राहते आणि बाकीची सायकल जाते. आकड्यांची बारीक वायरची कुलपे स्वस्त असतात, पण साध्या पक्कडीने तुटतात. जाड साखळी किंवा लोखंडी यू-आकाराचे कुलूप घ्यावे. मागचे गोल कुलूप आणि ही साखळी अशी दोन वेगळी कुलपे असली की चोर सहसा शेजारची सायकल बघतो. खांब नसेल तर दोन मैत्रिणींनी आपल्या सायकली एकमेकींना बांधाव्यात. रात्री सायकल गल्लीत न ठेवता जिन्याखाली घ्यावी.

टॅग म्हणजे काय?

हल्ली मुले विचारतात, "सर, टॅग लावला तर सायकल सापडते ना?" याचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

बाजारात दोन प्रकारची यंत्रे आहेत. पहिले जी.पी.एस. ट्रॅकर. त्यात सिमकार्ड असते, ते उपग्रहावरून जागा ओळखते आणि आपल्या मोबाइलवर कळवते. त्याला वरचेवर चार्जिंग आणि रिचार्ज लागतो. महागड्या किंवा बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीला ते ठीक. साध्या सायकलीला खर्च झेपत नाही.

दुसरा प्रकार बटणाएवढ्या ब्लूटूथ टॅगचा. अ‍ॅपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला. अँड्रॉइड फोनसाठी गुगलने २०२४ पासून तशीच व्यवस्था सुरू केली. या टॅगमध्ये सिम नसते. नाण्याएवढा सेल साधारण वर्षभर चालतो. टॅगजवळून त्या व्यवस्थेतला एखादा फोन गेला की तो फोन गुपचूप जागा कळवतो आणि आपल्या नकाशावर ठिपका दिसतो. म्हणजे टॅग दुसऱ्यांच्या फोनवर अवलंबून असतो. बसस्थानकाजवळ तो लवकर सापडेल; शेतातल्या गोठ्यात सायकल लपवली तर ठिपका जुन्याच जागी दिसत राहील. घेताना आपल्या घरातल्या फोनला तो चालतो का, हे आधी विचारावे.

आणखी एक गोष्ट. अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरत असेल तर फोन तशी सूचना देतो. कोणी कोणाचा, विशेषतः बायकामुलींचा, चोरून पाठलाग करू नये म्हणून ही सोय आहे. ती चोरालाही सावध करते. म्हणून टॅग सहज न दिसेल असा, सीटखाली बसवावा. लोखंडी नळीच्या आत टाकू नये, तेथून लहरी नीट बाहेर येत नाहीत.

पालकांना एक विनंती. मुलीच्या सायकलीला टॅग लावणार असाल तर तिला सांगून लावा. सायकलीची राखण वेगळी आणि मुलीवर नजर ठेवणे वेगळे. न सांगता लावलेला टॅग तिच्या हाती लागला तर सायकल राहील, पण विश्वास जाईल.

आणि ठिपका दिसला म्हणून चार पोरे घेऊन त्या दारात जाऊ नका. ठिपका चार-दोन घरे इकडेतिकडे असू शकतो. भलत्याच माणसावर आळ येईल किंवा हाणामारी होईल. मोबाइल घेऊन पोलीस ठाण्यात जा, गरज पडली तर ११२ वर फोन करा.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. ठाण्यात नोंद होते, मात्र न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. जुनी सायकल सहज पाच हजारांच्या खाली जाते. म्हणून किंमत दाखवणारे बिल जपणे महत्त्वाचे. नोंद झाल्यावर तिची प्रत मागून घ्यावी.

अशा छोट्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूद आहे. वाट चुकलेल्या पोराला सुधारायची संधी मिळावी, हे आम्हाला शिक्षक म्हणून योग्य वाटते.

कलम ३१७ मात्र गिऱ्हाइकासाठी आहे. चोरीची आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून, वस्तू लबाडीने घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "मला काय माहीत" हे दरवेळी चालत नाही. जुनी सायकल घेताना विकणाऱ्याचे नाव, फोन, सायकलीचा नंबर आणि रक्कम कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. जो सही द्यायला कचरतो, त्याची सायकल घेऊ नये.

आपल्यातील अनेक भाऊ सायकल दुरुस्ती आणि भंगाराच्या धंद्यात आहेत. गल्लीत सायकल गेली की पहिले बोट त्यांच्याकडे, नाहीतर त्यांच्या पोरांकडे जाते. पुराव्याशिवाय बोट दाखवणे हाही अन्यायच. त्यांनी घेतलेल्या प्रत्येक सायकलीची वहीत नोंद ठेवली, तर तीच वही त्यांची अब्रू राखेल.

वर्गातली वही

त्या मुलीची सायकल आजपर्यंत सापडलेली नाही. तिच्या गल्लीतल्या एका घरात मुलगा कॉलेजला गेल्यामुळे सायकल पडून होती. आम्ही शब्द टाकला, त्यांनी ती दिली. मिस्त्री चाचांनी टायर-ट्यूब घालून दिले आणि मजुरी घेतली नाही. दहाव्या दिवशी मुलगी वर्गात आली. सतरा नंबरच्या फॉर्मचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

त्या आठवड्यात आम्ही मराठीचा एक तास मैदानात घेतला. मुलांनी सायकली उलट्या केल्या, चिंध्यांनी नळ्या पुसल्या, नंबर शोधले आणि एका वहीत लिहिले. एका बाजूला मराठीत नाव, दुसऱ्या बाजूला उर्दूत, मध्ये नंबर. त्या मुलीने दिलेल्या सायकलीचा नंबर लिहिला आणि खाली देणाऱ्यांच्या सहीचा कागद चिकटवला. ती वही आता शाळेच्या कपाटात आहे.

एका मुलाने तेव्हा हात वर केला. "सर, तुमच्या सायकलीचा नंबर?" आम्हाला तो अजूनही माहीत नव्हता. सगळ्या वर्गासमोर आम्ही आमची सायकल उलटी केली.

आज असरनंतर घरातल्या मुलांना घेऊन अंगणात किंवा जिन्याखाली दहा मिनिटे बसा. एक चिंधी, एक पेन आणि मोबाइल एवढेच लागेल.