निद्रा आणि यूरिक अम्ल

लंडन येथील विख्यात वैद्य टॉमस सिडनॅम यांनी १६८३ साली गाउट या सांध्यांच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. ते स्वतः अनेक वर्षे या विकाराने पीडित असल्यामुळे त्या वर्णनास अनुभवाचा आधार होता. रोगी रात्री स्वस्थपणे निजतो. दोनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यात उठलेल्या वेदनेने तो जागा होतो. आणि पुढे त्या अंगठ्यास पांघरुणाचा भारही सहन होईनासा होतो, असे त्यांनी लिहिले आहे. आयुर्वेदातील वातरक्त या विकाराचे वर्णन याच्याशी पुष्कळ जुळते. यूरिक अम्ल नावाचे द्रव्य रक्तात अधिक झाले म्हणजे हा विकार होण्याचा संभव असतो. मग तो बहुधा रात्रीच का उद्भवावा? झोपेचा आणि या अम्लाचा काही संबंध आहे काय? असल्यास तो पुरुषांत व स्त्रियांत सारखाच आहे काय? या प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

यूरिक अम्लाची उत्पत्ती

स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांस १७७६ साली मुतखड्यांत एक नवे अम्ल आढळले. तेच यूरिक अम्ल होय. पुढे १८४८ साली आल्फ्रेड गॅरड यांनी गाउटच्या रोग्यांच्या रक्तात हे द्रव्य वाढलेले असते, असे दाखवून दिले.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत प्युरीन नावाची द्रव्ये असतात. आनुवंशिकतेचा वारसा वाहणाऱ्या रेणूंत ती असतात, तशीच पेशींना शक्ती पुरविणाऱ्या ॲडेनोसीन ट्रायफॉस्फेट या संयुगातही असतात. जुन्या पेशी झिजून नव्या होत असताना प्युरिने मोकळी होतात, त्यांचे विघटन होते आणि शेवटी यूरिक अम्ल तयार होते. अन्नातील प्युरिनांचीही तीच गती होते. तथापि अम्लाचा मोठा भाग शरीरातच उत्पन्न होतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज नावाचे एंझाइम या अम्लाचे सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करते. मनुष्य व मानवसदृश कपी यांच्यात हे एंझाइम कार्य करीत नाही. त्यामुळे अम्ल बाहेर टाकण्याचा भार मुख्यतः मूत्रपिंडांवर पडतो. सुमारे दोन तृतीयांश अम्ल मूत्रावाटे आणि उरलेले आतड्यावाटे जाते.

मूत्रपिंडाची रीत मात्र चमत्कारिक आहे. रक्तातून गाळलेल्या यूरिक अम्लापैकी सुमारे नव्वद टक्के ते पुन्हा रक्तात परत घेते. म्हणून या कार्यात अल्पसा फरक पडला, तरी रक्तातील प्रमाण पालटते. १०० मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ६.८ मिलिग्रॅमपेक्षा अधिक अम्ल झाले, की त्याच्या सोडियम लवणाचे सुईसारखे स्फटिक बनू शकतात. हे स्फटिक सांध्यात साचले आणि शरीरातील रक्षक पेशींनी त्यांच्यावर हल्ला चढविला, म्हणजे तेथे दाह होतो. सांध्यातील द्रवात हे स्फटिक सूक्ष्मदर्शकाने ओळखण्याची पद्धत १९६१ साली अमेरिकेत मॅकार्टी व हॉलंडर यांनी दाखविली.

स्त्री-पुरुषांतील भेद

पाळी थांबण्यापूर्वी स्त्रियांना गाउट होत नाही, असे निरीक्षण ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस यांच्या नावावर असलेल्या सूत्रांत आढळते. त्याचे कारण पुष्कळ पुढे कळले. ईस्ट्रोजेन या स्त्रियांच्या हॉर्मोनामुळे मूत्रपिंड अधिक यूरिक अम्ल बाहेर टाकते. म्हणून तरुण स्त्रीच्या रक्तातील प्रमाण त्याच वयाच्या पुरुषापेक्षा कमी असते. पुरुषांत सुमारे ७ आणि स्त्रियांत सुमारे ६ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा सामान्यतः मानली जाते. ऋतुनिवृत्तीनंतर ईस्ट्रोजेन घटते, स्त्रियांतील प्रमाण हळूहळू वाढते आणि दोहोंतील अंतर कमी होते. हा नियम सर्वसाधारण आहे. एखाद्या तरुण स्त्रीस गाउट होणे अशक्य नव्हे.

रात्रीचाच वेळ का?

सिडनॅम यांचे निरीक्षण आधुनिक गणनेनेही खरे ठरले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मध्यरात्रीपासून सकाळी आठपर्यंतच्या काळात गाउटचा झटका येण्याचा संभव दिवसाच्या मानाने दुपटीहून अधिक असल्याचे दिसले. याची कारणे अनेक असावीत. थंडाव्यात हे लवण कमी विरघळते, आणि पायाचा अंगठा हा शरीराचा थंड राहणारा भाग आहे. रात्री तासन्‌तास पाणी पोटात जात नाही. शरीर स्वतः निर्माण करीत असलेल्या, दाह शमविणाऱ्या कॉर्टिसॉलचे प्रमाणही रात्रीच्या पूर्वार्धात अगदी कमी असते.

चौथे कारण श्वसनाशी निगडित आहे. काही माणसांचा घसा झोपेत वारंवार मिटतो. घोरणे एकाएकी थांबते, श्वास काही सेकंद बंद पडतो आणि मग दचकून पुन्हा सुरू होतो. यास निद्राश्वासरोध म्हणता येईल. अशा वेळी रक्तातील प्राणवायू कमी होतो. प्राणवायूच्या अभावी पेशींतील ॲडेनोसीन ट्रायफॉस्फेट पुन्हा भरून निघत नाही. त्याचे विघटन होत जाऊन अखेर यूरिक अम्ल बनते. अशा रोग्यांच्या रात्रीच्या मूत्रात यूरिक अम्लाचे प्रमाण वाढते, असे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. हा विकार पुरुषांत अधिक आढळतो, आणि ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांतही वाढतो.

झोपेचे तास मोजताना

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिका, चीन, कोरिया आदी देशांत हजारो लोकांना झोपेचे तास विचारून व त्यांचे रक्त तपासून या दोहोंची तुलना करण्यात आली आहे. काही पाहण्यांत कमी झोपणाऱ्यांच्या रक्तात हे अम्ल अधिक आढळले. काहींत असा संबंध दिसला नाही. काहींत तो पुरुषांत एका प्रकारचा तर स्त्रियांत दुसऱ्या प्रकारचा दिसला. असे का व्हावे, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

दोन गोष्टी एकत्र आढळल्या, तर तीन शक्यता संभवतात. पहिली, अपुऱ्या झोपेमुळे अम्ल वाढत असेल. दुसरी, उलट क्रम असेल: गाउटच्या वेदनेने झोप मोडते, आणि मूत्रपिंडाच्या विकारात रात्री वारंवार लघवीस उठावे लागते. तिसरी, दोहोंच्या मुळाशी एखादे तिसरेच कारण असेल. पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रीचे उदाहरण घ्या. ऋतुनिवृत्तीमुळे अंगातून एकाएकी उष्णतेच्या लाटा उठून तिची झोप मोडते, आणि त्याच काळात तिचे यूरिक अम्लही वाढते. तरुण व प्रौढ स्त्रिया एकत्र मोजल्या, तर कमी झोपेमुळे अम्ल वाढले असा भास होईल. वस्तुतः दोन्ही बदल वयाच्या एकाच टप्प्यावर घडलेले असतात. पुरुषांत अतिरिक्त वजन आणि मद्यपान हीच भूमिका बजावू शकतात. म्हणून अशा अभ्यासांत स्त्रिया व पुरुष यांचा हिशेब वेगवेगळा मांडणे, आणि वय, वजन व मूत्रपिंडांची स्थिती विचारात घेणे अगत्याचे ठरते.

आणखी एक अडचण अशी की, आठ तास अंथरुणात काढणारा मनुष्य आठ तास नीट झोपलाच असे नाही. श्वास अडखळणाऱ्या माणसाचे तास पुरेसे भरतात, परंतु त्याच्या पेशी रात्रभर प्राणवायूसाठी झगडत असतात. तासांची संख्या हे झोपेचे एक अंग झाले. तिची प्रत हे दुसरे.

व्यवहारातील तात्पर्य

प्रौढ माणसाने रोज सात तास किंवा त्याहून अधिक झोपावे, हा सल्ला सर्वसामान्य आरोग्यासाठी योग्यच आहे. परंतु केवळ अधिक झोपल्याने यूरिक अम्ल उतरेल असे आश्वासन देता येत नाही. रक्ततपासणीत हे प्रमाण थोडे अधिक आले म्हणजे गाउट झालाच, असेही नव्हे. अशा बहुसंख्य लोकांना तो कधीच होत नाही. उलट, झटका चालू असताना प्रमाण नेहमीसारखेही असू शकते. म्हणून नुसत्या आकड्यावरून स्वतःच औषध घेऊ नये. मूत्र वाढविणाऱ्या काही गोळ्यांनीही हे अम्ल वाढते. तथापि त्या वैद्याच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत.

घरातील माणसांनी करण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे. झोपलेल्या माणसास आपला श्वास थांबल्याचे कळत नाही. ते शेजारी जागे असणाऱ्यासच कळते. एखादा मनुष्य मोठ्याने घोरत असेल, मध्येच त्याचा श्वास थांबत असेल, दिवसा त्यास डुलक्या येत असतील, आणि त्यातच त्याचा अंगठा रात्री सुजून दुखत असेल, तर या चारही गोष्टी वैद्यास एकत्र सांगाव्यात. एरवी घोरणे थट्टेचा विषय ठरते आणि अंगठ्यावर निराळा लेप लावला जातो. दोहोंचा संबंध असू शकेल हे ध्यानी आले, तर योग्य तपासणीस विलंब होणार नाही.