पाय धरायचा की सोडायचा?

आमच्या अण्णामामांच्या माळ्यावर कित्येक वर्षे एक लांबट लाकडी फळी पडून होती. टोक किंचित वर वळलेले, मागच्या बाजूला तळाशी माशाच्या परासारखी धातूची पट्टी, आणि मधोमध रबराचे दोन जोडे, एकामागे एक. घरी आलेला पाहुणा हमखास विचारी, "हे हो काय?" आणि मामा ऐटीत सांगत, "ही आमची पाण्यावरची घोडी!"

मामा मूळचे अकोले तालुक्यातले, प्रवरेच्या डोहात पोहायला शिकलेले. १९६८ साली नोकरीसाठी अमेरिकेत मिशिगनला गेले. तिथे जिकडेतिकडे तळी. यांत्रिक होडीला दोर बांधायचा, दोराची मूठ धरायची आणि पायांत फळ्या घालून पाण्यावरून घसरत जायचे, हा तिथला उन्हाळ्यातला खेळ. मामांना तो भलताच आवडला. दोन फळ्यांवरून ते लवकरच एका फळीवर आले. हिला 'स्लालम स्की' म्हणतात. पुढचा पाय टाचेसकट जोड्यात बसतो, मागचा नुसता चवड्याच्या पट्ट्यात सरकवायचा. होडीच्या मागे नागमोडी वळणे घेत पळायला हीच बरी. निवृत्तीनंतर मामा नगरला सावेडीत स्थायिक झाले, आणि सामानाबरोबर फळीही आली. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण मामांच्या तोंडी अजून नगरच.)

हा खेळ काढला राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अमेरिकन पोराने, १९२२ साली, मिनेसोटातल्या लेक पेपिनवर. वय अवघे अठरा. आधी पिंपाच्या फळ्या पायांना बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही वेळा बुडाला. शेवटी आठ फुटी पाट्या आणून त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवली आणि पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. मामांना ही हकीकत तोंडपाठ. पुढच्या घोटाळ्याचे मूळही तीच.

झाले असे, की मिशिगनला वाढलेल्या त्यांच्या नातीने फोनवर सांगितले, "आजोबा, जूनमध्ये येतेय. तुमची स्की मी घेऊन जाणार." मामा हरखले. फळी माळ्यावरून उतरवली. लाकूड ठणठणीत, पण रबराला बोट लावताच तुकडा हातात आला. पत्र्याखालची उष्णता आणि हवा यांनी रबर खाऊन टाकले होते. ओढले तर ताणायच्या ऐवजी तडकत होते.

"त्यात काय एवढे! सॅम्युएलसनने चामडेच लावले होते," असे म्हणत मामा मला घेऊन मोची गल्लीत गेले. कारागीर वयस्कर, बोलायला थोडा. त्याने फळी उलटसुलट केली, जोडे कुठे बसायचे ते पाहिले आणि विचारले, "साहेब, ह्यात पाय धरायचा की सोडायचा?"

"म्हणजे?"

"माणूस पडला तर?"

मामा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "पडला तर सुटला पाहिजे."

"मग चामडं नको. भिजलं की सैल पडंल, वाळलं की आवळंल. बांधला तर सुटायचा नाही. घोटा मोडंल पोराचा."

"पोराचा नाही, पोरीचा," मामा म्हणाले. त्याने पैसे घेतले नाहीत. काम केले नाही, तर पैसे कशाचे?

एवढे वर्ष पाण्यात काढलेल्या मामांना जे भावनेच्या भरात सुचले नाही, ते त्या माणसाला एका नजरेत दिसले. एक पाय सुटून दुसरा अडकून राहिला तर फळीच पिळा देते आणि घोटा, गुडघा जायबंदी होतो. म्हणून जोडा धावताना घट्ट हवा आणि पडताना दोन्ही पायांना एकदम रजा देणारा हवा.

मग पट्टी घेऊन आम्ही फळीची रुंदी, भोकांमधली अंतरे आणि स्क्रूंची लांबी मोजून नातीला कळवली. तिकडच्या दुकानदारांचा सल्ला एकच: नवी फळी घ्या! पोरगी आजोबांवर गेलेली. तिने हट्टाने जोड्यांची जोडी मिळवली आणि जूनमध्ये घेऊन आली. लावून पाहतो तर एकही भोक जुळेना! प्रत्येक कारखानदाराची भोके आपापल्या मापाची.

लाकडात नवी भोके पाडत सुटणे धोक्याचे. पाणी आत शिरते आणि फळी फुगते. एम.आय.डी.सी.तल्या एका वर्कशॉपात अ‍ॅल्युमिनियमची पातळ पाटी कापून घेतली. तिला दोन प्रकारची भोके: काही फळीच्या जुन्या भोकांशी जुळणारी, काही नव्या जोड्याची. जी जुनी भोके उरली त्यांत सागवानी खुंट्या, पाणी न शोषणाऱ्या डिंकात बुडवून ठोकल्या. स्क्रू बिनगंजाचे, आणि फळीच्या जाडीपेक्षा आखूड. नाहीतर खालून टोक निघायचे. वर्कशॉपवाल्याला हे काय चालले आहे ते शेवटपर्यंत कळले नाही. पाटी मात्र झकास केली.

मग गच्चीवर परीक्षा. नात खुर्चीत बसली. पाय साबणाच्या पाण्याने ओला करून जोड्यात घातला, मी फळी धरली, आणि मामा म्हणाले, "आता पीळ देऊन ओढ." पाय निघेना. मामांचा चेहरा उतरला. जोड्याची मागची कड थोडी सैल केली. पुन्हा ओढला. 'फट्' आवाज झाला आणि पाय बाहेर! "पुन्हा," मामा म्हणाले. असे वीस वेळा झाले. मामी खालून ओरडली, "अहो, पोरीला जेवू तरी द्या!"

ऑगस्टात नातीचा फोन आला. मामांनी श्वास रोखून ऐकला आणि फोन ठेवून घरभर ओरडत सुटले, "पडली! पडली!"

मामी धावत आली. "अगं बाई! लागलं का?"

"छे! दोन्ही पाय सुटले," मामा म्हणाले, आणि मला मोची गल्लीत पेढे घेऊन पाठवले.