आधी बेड, मग पॅनेल

२० जुलै २०२४ रोजी जबलपूरला मध्य प्रदेश सरकारची विभागीय उद्योग परिषद भरली आणि गुंतवणुकीचे आकडे वर्तमानपत्रांत झळकले. ते वाचून आमच्या संपादकांनी प्रश्न काढला: ज्या शहरात शंभरहून अधिक वर्षं तोफगाडे बनताहेत, तिथे औद्योगिक ऑटोमेशनचं आणि नव्या तंत्रज्ञानाचं एखादं केंद्र उभं करायचं म्हटलं, तर पैसा कोण घालील? कारखानदार, सरकार, बँक की बाहेरचा कोणी? प्रश्न घेऊन मी गेलो. आलो तो मात्र एका जुन्या लेथच्या प्रेमात पडून.

इतिहास आधी उरकतो. १८७० साली मुंबईकडून आलेला रेल्वेमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला मार्ग जबलपूरला जोडले गेले, आणि मुंबई-कलकत्ता सलग झाली. देशाच्या मधोमध, समुद्रापासून आणि सरहद्दींपासून दूर, वर रेल्वेच्या सांध्यावर. लष्कराला याहून सोयीची जागा कुठली मिळणार? मुंबई, मद्रास आणि फतेहगड इथली तोफगाड्यांची कामं एकत्र करून १९०४ मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, खमरियाचा दारूगोळा कारखाना आला. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी. आपल्याकडे कामठीत किंवा देवळालीत ज्यांचं बालपण गेलं त्यांनी शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या पाहिलेल्या असतील. त्या सगळ्या जबलपूरच्या.

मराठी माणसाला हे गाव परकं नाही. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. १९४७ साली इथे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. नागपूरला विश्वेश्वरय्या महाविद्यालय १९६० मध्ये आलं. मधल्या वर्षांत इंजिनिअर व्हायला निघालेल्या वैदर्भीय मुलासाठी जबलपूर हे घरातलंच ठिकाण होतं. कारखान्यांच्या वसाहतींतून आजही मराठी घरं सापडतात, आणि तिथली मराठी हिंदीच्या चालीवर बोलली जाते.

रिछाई आणि आधारताल या औद्योगिक वसाहतींत छोटे कारखाने आहेत. मोठ्या कारखान्यांना लागणारे पिन, बुश, ब्रॅकेट, कपलिंग असे भाग त्यांतले बरेच जण करून देतात. मोठ्या कारखान्यांच्या आत संगणकाच्या आज्ञेवर चालणारी सीएनसी यंत्रं आहेत, पण फाटकाबाहेरच्या बऱ्याच शेडमध्ये अजून हाताने चालणारे लेथ फिरतात. ऑटोमेशनचा प्रश्न खरा तिथे आहे.

रिछाईच्या अशाच एका शेडमध्ये एचएमटीचा एनएच-२२ लेथ उघडून ठेवलेला होता. सॅडल उतरवून उलटं केलेलं, लीडस्क्रू पोत्यावर आडवा. भिंतीशी सर्व्हो मोटर, ड्राइव्ह आणि कंट्रोलरची खोकी, न फोडलेली. मालकाने जुन्या लेथचा सीएनसी करायला घेतला होता. याला या धंद्यात सगळे रेट्रोफिट म्हणतात. नव्या यंत्राच्या किमतीच्या बऱ्याच खाली काम भागतं, म्हणून लहान कारखानदाराला तो रस्ता जवळचा वाटतो. खोकी का फोडली नाहीत, असं विचारलं तर मालकाने सॅडलवर वाकलेल्या फिटरकाकांकडे बोट दाखवलं. काकांनी परवानगी दिली नव्हती.

काकांचे आजोबा युद्धाच्या काळात अमरावतीकडून खमरियाला कामाला आले. वडील आणि ते स्वतः कारखान्यातच निवृत्त झाले. मला म्हणाले, “तुम्ही लिहिणारे लोक पॅनेलचा फोटो काढता. बेडचा कोणी काढत नाही. आधी बेड, मग पॅनेल. बेड झिजलेला असला तर मोटर काय करणार, सांगा तुम्ही मला.”

मग त्यांनी जे समजावलं ते मी अनेक प्रदर्शनं पाहूनही कधी ऐकलं नव्हतं. लेथवर बहुतेक जॉब आखूड असतात, म्हणून टूल धरून बेडवर सरकणाऱ्या सॅडलची ये-जा जॉब पकडणाऱ्या चकाजवळच्या हातभर पट्ट्यातच जास्त होते. तीस-चाळीस वर्षांत बेड तिथे खोलगट होतो आणि दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे जवळपास नवा राहतो. झिजलेल्या जागी सॅडल डुलू नये म्हणून त्याची जिब नावाची पट्टी आवळली की तेच सॅडल पुढे गेल्यावर अडकतं. मोकळी सोडली की चकाजवळ टूल थरथरतं आणि जॉबवर लाटा उठतात. सॅडल सरकवणाऱ्या लीडस्क्रूचंही तसंच. स्क्रू आणि नट यांच्यात ढील असते, तिला बॅकलॅश म्हणतात. जुना टर्नर ती हाताने ओळखतो. चाक जरा जास्तच मागे घेतो, मग पुढे येतो, म्हणजे ढील नेहमी एकाच अंगाला राहते. कंट्रोलरला ढिलीचा आकडा भरून देता येतो, पण साधारणपणे आकडा एकच. स्क्रू मात्र जागोजागी वेगळा झिजलेला. म्हणून लीडस्क्रू काढून बॉलस्क्रू बसवायचा. त्यात गोळ्या ताणून भरलेल्या असतात, ढील जवळजवळ उरत नाही. इतकं करूनही बेड वाकडा असेल तर यंत्र तीच चूक न थकता, दर जॉबला, अगदी सारखी करत राहील.

या लेथचा बेड कडक केलेला. त्यावर हाताचा स्क्रेपर चालत नाही. म्हणून बेड बाहेरगावी पाठवून ग्राइंड करून आणला होता. सॅडलच्या पोटाला टर्साइट या प्लास्टिकची पट्टी चिकटवली होती, आणि काका ती पट्टी बेडला जुळवत होते. बेडवर निळ्या रंगाचा पुसट हात द्यायचा, सॅडल पालथं घालून एकदा मागेपुढे सरकवायचं, उचलून उलटं करायचं. जिथे उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उठतो. तेवढाच ठिपका खरवडायचा, पुसायचं, पुन्हा निळं. मी बघत होतो तेव्हा ठिपके एका कोपऱ्यात गर्दी करून होते आणि उरलेला भाग कोरा. काका तिरप्या रेघेत काही वेळ खरवडत राहिले, मग आडव्या दिशेने. पुढच्या वेळी ठिपके थोडे पसरले. चौरस इंचाला दहा-बारा ठिपके सगळीकडे सारखे उठले की थांबायचं. ठिपक्यांमधल्या खळग्यांत तेल साठतं आणि सॅडल त्यावर तरंगत चालतं. एका वेळी निघतो तो काही मायक्रॉनचा पापुद्रा. तो किती निघाला हे त्यांच्या मनगटाला कळतं, डायल गेजची सुई फक्त दुजोरा देते.

अशा माणसापुढे मी नतमस्तक होतो आणि त्याच क्षणी धास्तावतोही. काकांच्या हाताखाली एक आयटीआय झालेला मुलगा होता. तो मन लावून बघत होता, पण त्याचा डोळा त्या खोक्यांवर होता. त्याला पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचं काम, शिकायचं आहे, कारण पुण्यात आणि बेंगळुरूत पीएलसीवाल्याला मागणी आहे. त्याचं काहीच चुकत नाही. मात्र दोन्ही शिकलेला माणूस या शेडला लागणार, आणि तो घडवायचा तर नेमकं असं केंद्र लागणार.

मग त्या केंद्रात काय हवं? मला विचाराल तर रोबोट सगळ्यात शेवटी. पहिली खोली मोजमापाची. जगभर लांबी मोजायचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. जबलपूरचा मे महिना चाळिशी सहज ओलांडतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ३०० मिलिमीटरचा भाग ४० अंशांच्या शेडमध्ये जवळजवळ ७० मायक्रॉन लांब असतो. पोलादी मायक्रोमीटरही सोबत तापलेला असेल तर चूक बरीचशी झाकली जाते. जॉब नुकताच कापून गरम आणि हत्यार थंड असेल, किंवा भाग ॲल्युमिनियमचा असेल, तर भाग शेडमध्ये पास आणि कारखान्याच्या तपासणीत नापास. हे नापास झालेले भाग छोट्या कारखानदाराचं कंबरडं मोडतात. वातानुकूलित खोली, ग्रॅनाइटचं टेबल, तीन अक्षांत मोजणारं सीएमएम, यंत्राचा अक्ष तपासायचा लेझर. त्याला जोडून बेड ग्राइंड करायचं लांब यंत्र आणि स्क्रेपिंग शिकवणारे दोन-चार काका. मग सर्व्हो, पीएलसी, सेन्सर.

धातूची तपासणीही तिथेच हवी. धनुष तोफेचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. १९८६ च्या बोफोर्स व्यवहाराबरोबर आलेल्या तंत्रज्ञानाच्या कागदांवरून इथल्या गन कॅरेज फॅक्टरीने १५५ मिलिमीटर, ४५ कॅलिबरची तोफ उभी केली. पल्ला ३८ किलोमीटर, मागणी ११४ तोफांची, पहिल्या सहा ८ एप्रिल २०१९ रोजी लष्कराच्या हाती. भारतीय हातांनी केलेलं हे काम अभिमानाचं आहे. याच तोफेसाठी आलेली बेअरिंग जर्मन म्हणून पुरवली गेली पण चिनी होती, असा आरोप ठेवून २०१७ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. त्या प्रकरणाचं जे व्हायचं ते होवो. पुरवठादाराच्या कागदावर विसंबून न राहता प्रत्येक भाग दारातच तपासणारी स्वतंत्र प्रयोगशाळा गावात असणं किती मोलाचं, हे त्यातून कळायला हवं.

इथवर सगळे सहमत असतात. पैशाचा विषय निघाला की अडचणी सुरू होतात.

नकाशा घेऊन बसलं तर मन खट्टू होतं. २०१८ मध्ये जाहीर झालेले संरक्षण उद्योगाचे दोन कॉरिडॉर उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूत गेले. झाशी आणि चित्रकूट त्यात आहेत, जबलपूर नाही. जागतिक बँकेच्या २० कोटी डॉलर कर्जातून देशात नवी तंत्रज्ञान केंद्रं उभारायची योजना निघाली, त्यात भोपाळ, दुर्ग आणि कानपूर आले. सायबर-फिजिकल प्रणालींच्या राष्ट्रीय मोहिमेत २५ नवोन्मेष केंद्रं मंजूर झाली, त्यातलं एक इंदूरच्या आयआयटीला मिळालं. या शहराच्या चारी बाजूंनी पैसा गेला. आणि इथे तर डिझाइन व उत्पादन याच विषयाला वाहिलेली ट्रिपल आयटीडीएम ही केंद्रीय संस्था २००५ पासून डुमना रस्त्यावर आहे, जुनं अभियांत्रिकी महाविद्यालय गोकलपूरला आहे, आणि कारखाने त्यांच्या शेजारी.

चाचणी सुविधांसाठी संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये योजना काढली, ४०० कोटींची. खर्चाचा ७५ टक्के वाटा सरकारने द्यायचा, २५ टक्के स्थानिक भागीदारांनी एकत्र कंपनी काढून उभा करायचा. कॉरिडॉरना प्राधान्य असलं तरी इतरांना दार बंद नव्हतं. समजा तशाच अटींवर ४० कोटींचं केंद्र ठरवलं. दहा कोटी इथून उभे राहिले पाहिजेत. रिछाईतले लोक एकेकटे ते उभे करू शकत नाहीत, त्यांची शेड आणि यंत्रं आधीच खेळत्या भांडवलासाठी तारण आहेत. म्हणजे मोठ्या कारखान्यांनी भागीदार व्हायला हवं. इथेच गाठ बसते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. गन कॅरेज फॅक्टरी गेली कानपूरच्या कंपनीकडे, व्हेइकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडीला, खमरिया पुण्याला. शेजारी-शेजारी असलेले तीन कारखाने, आणि निर्णय तीन शहरांतल्या तीन संचालक मंडळांच्या हाती. त्यांच्यापैकी कोणाच्याही ताळेबंदात ‘जबलपूर’ नावाचं खातं नाही.

गिऱ्हाईकही बव्हंशी एकच आहे, संरक्षण खातं. मागणी आली की एकदम येते, नाही तर यंत्रं झाकून ठेवावी लागतात. निविदा सर्वांत कमी दराला जाते. जो माणूस मोजमापावर खर्च करतो त्याचा दर वाढतो आणि तोच हरतो. त्यामुळे बाहेरचा गुंतवणूकदार पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की पाचव्या वर्षी केंद्राचं वीजबिल कोण भरणार? अनुदानातून इमारत होते, उद्घाटन होतं, सीएमएम येतं. त्याचं सॉफ्टवेअर, दरवर्षीचं कॅलिब्रेशन, चालवणाऱ्याचा पगार यांना अनुदान नसतं. सर्व्हो, ड्राइव्ह आणि कंट्रोलर आजही बहुतांशी जपानी, जर्मन नाही तर तैवानी. एक कार्ड जळलं की यंत्र महिनोन्महिने बंद.

यावर आपल्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, इंडो-जर्मन टूल रूमने वाट दाखवली आहे. तिथे मुलं शिकतात आणि त्याच छपराखाली उद्योगांची डाय-मोल्डची कामं पैसे घेऊन केली जातात. मुलांच्या हाताखाली खऱ्या गिऱ्हाइकाचा जॉब असतो आणि संस्थेच्या तिजोरीत त्याचं बिल. वाळूजच्या कारखान्यांचा आधार मात्र तिला आहे, तिथे दुचाकी, औषधं, यंत्रभाग अशी दहा प्रकारची गिऱ्हाइकं आहेत. जबलपूरला तसं गिऱ्हाईक जमवायचं तर पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय गावातच आहे, कटनीची सिमेंट आणि चुन्याची पट्टी जवळ आहे, सिंगरौलीच्या कोळसाखाणी आणि वीजकेंद्रं आहेत. त्यांचे गिअरबॉक्स, पंप, कन्व्हेयर कुठून तरी दुरुस्त होऊन येतातच. ती कामं धरली तर संरक्षणाच्या मागणीतला खड्डा भरून निघू शकेल. माझ्या मते गुंतवणुकीच्या प्रस्तावात रोबोटच्या चित्रांआधी ही यादी यायला हवी.

आणि एक कागद हवा. कानपूर, आवडी आणि पुण्याच्या कंपन्यांनी आपल्या जबलपूरच्या कारखान्यांसाठी या केंद्राकडून वर्षाला ठरावीक मशीन-तास आणि तपासणीचे तास विकत घेऊ, असं पाच वर्षांसाठी लेखी दिलं, तर दहा कोटींचा वाटा उभा करायला बँकेपुढे ठेवण्याजोगं काही तरी रिछाईच्या हातात येईल. त्या कागदाशिवाय मला तरी कोणाला पैसे घालायला सांगायचा धीर होत नाही. त्या कागदासकट मात्र मी पहिला हप्ता ग्राइंडरवर आणि स्क्रेपिंगच्या वर्गावर घालायला सांगेन, आणि काका अजून वाकू शकतात तोवरच.