रंग कार्डावर नव्हे, भिंतीवर पाहावा

शेडकार्डावरचा फिकट पिस्ता चारही भिंतींवर चढला की चांगलाच गडद भासतो. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात ना! म्हणून जाणकार रंगारी भिंतीवरच दोन बाय दोन फुटांचा नमुना दोन हात मारून दाखवतो. हा नमुना सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावा.

उत्तरेच्या खोलीत थेट ऊन जवळपास येतच नाही. तिथे राखाडी उदास वाटतो, हस्तिदंती खुलतो.

खरा घात करते ती ओल. मुंबई-कोकणात पावसाळ्यानंतर भिंत पुरती सुकण्याआधी रंग दिला, तर पोपडे सुटणारच. आधी गळती बंद करावी, मग पुट्टी, पॉलिश पेपरने घासणं, प्रायमर आणि शेवटी इमल्शनचे दोन हात. नव्या गिलाव्याला तर निदान महिनाभर सुकू द्यावं.

चकाकता रंग प्रत्येक उंचवटा दाखवतो. जुन्या, खडबडीत भिंतीला मॅटच शोभतो.

आपल्या भिंतीविषयी कुणाला शंका असेल, तर खोलीची दिशा सांगून जरूर विचारावं.