मुंबई ते काशी : अंतर आणि वेळ

काशीयात्रेचा उच्चार नित्य करावा, अशी आपल्याकडे म्हणच आहे. उच्चारच करावा, कारण प्रत्यक्ष जाणे दुर्घट होते. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या यात्रेकरूला महाराष्ट्रातून तेथे पोहोचण्यास दोन-अडीच महिने लागत. मूळ पैठणच्या, पण काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील गागाभट्ट १६७४ साली शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आले, ते अशाच वाटेने. १८७० मध्ये जबलपूरजवळ लोहमार्ग जोडला गेला आणि मुंबईहून अलाहाबादेपर्यंत सलग आगगाडी जाऊ लागली. महिन्यांचे दिवस झाले. आज रेल्वेने हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर भरते व त्याला एक अहोरात्र, क्वचित थोडे अधिक लागते.

विमानाचा हिशेब निराळा आहे. मुंबई आणि वाराणसीजवळचा बाबतपूर विमानतळ यांमधील सरळ अंतर साधारण १२५० किलोमीटर आहे. ताशी आठशे किलोमीटर वेगाने ते सुमारे चौऱ्याण्णव मिनिटांत कापले जावे. मग वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ का दाखवितात? कारण ती वेळ विमान जागेवरून हलते तेथपासून पुन्हा जागेवर थांबते तेथपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, आपली पाळी येण्याची वाट पाहणे, वर चढणे आणि सावकाश उतरणे हे सर्व तीत येते. शिवाय हवाई मार्ग नेहमीच सरळ रेषेत आखलेले नसतात.

अंतर दोन्ही दिशांना सारखे असले, तरी वेळ सारखा नसतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर, फार उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ वारे वाहतात. काशीकडे जाताना त्यांचा ताशी ऐंशी किलोमीटरचा हातभार लागला, तर एक हजार किलोमीटरचा पल्ला अडुसष्ट मिनिटांत सरतो. परतताना तेच वारे आडवे आले, की त्याच पल्ल्याला त्र्याऐंशी मिनिटे लागतात.

पण यात्रेकरूचे गंतव्य स्थान विमानतळ नव्हे, गंगातीर होय. बाबतपूरहून घाटापर्यंत आणखी सुमारे पंचवीस किलोमीटर जावयाचे असते, आणि शेवटच्या अरुंद गल्ल्यांत वाहनाचा उपयोग नसतो. पौष-माघात गंगेच्या मैदानावर दाट धुके उतरते, तेव्हा विमान वेळेवर सुटणे व उतरणे, दोन्ही अनिश्चित होते. अस्थिकलश घेऊन निघालेल्या कुटुंबाने म्हणूनच विधीची घटका छापील वेळेला चिकटवून ठरवू नये. आदल्या दिवशीच पोहोचावे.

दोन महिन्यांची वाट दोन तासांवर आली, हे खरेच. तरी त्या दोन तासांच्या अलीकडे आणि पलीकडे जमिनीवरचा प्रवास शिल्लक असतो. तो हिशेबात धरणाराच वेळेवर घाटाच्या पायऱ्या उतरतो.