केनिया : किनारा, रान आणि शहर

कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे पाहिले, तर नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी दिसते. या पाण्याच्या पलीकडे, नैर्ऋत्य दिशेला, आफ्रिका खंड आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर केनिया नावाचा देश आहे.

केनिया आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. माणसे मात्र पुष्कळ कमी. 2019 च्या खानेसुमारीत तिथे सुमारे पावणेपाच कोटी लोक भरले. देशाच्या मधून विषुववृत्त जाते. म्हणून सूर्य वर्षभर जवळजवळ डोक्यावरच असतो.

तिथे प्रवासाला 'सफारी' म्हणतात. आपण 'सफर' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून आले. चला तर, आपणही वाचता वाचता एक सफारी करू. आधी किनारा, मग रान आणि शेवटी शहर.

किनारा

मोंबासा हे केनियाचे मोठे बंदर. ते एका बेटावर वसले आहे. हवा अगदी आपल्या रत्नागिरीसारखी. दमट हवा आणि घामाच्या धारा. नारळ, आंबा, काजू ही झाडेही ओळखीची. मधूनच एक फार जाड बुंध्याचे झाड दिसते. त्याला आपल्याकडे गोरखचिंच म्हणतात.

हे सारखेपण नुसते हवेचे नाही. पूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबते इथे व्यापाराला येत. इंजिन नव्हते, तरी येत. कशी? वाऱ्याच्या जोरावर. हिवाळ्यात वारा आपल्याकडून आफ्रिकेकडे वाहतो. त्या वाऱ्यावर शीड सोडायचे आणि तिकडे जायचे. उन्हाळ्यात वारा फिरतो. मग परत यायचे. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस आणणारा वारा आफ्रिकेच्या कडेनेच येतो. म्हणजे त्यांचा वारा तो आपला वारा.

व्यापाराबरोबर शब्दही गेले. तिथली बोली स्वाहिली. त्या बोलीत दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी' म्हणतात. चहा तो 'चाय' आणि चपाती ती चपातीच!

वेळेची मात्र गंमत आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो. म्हणून स्वाहिली लोक दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सात वाजले, की त्यांचा एक वाजतो. तिथे कुणी म्हटले, "उद्या दोनला या," तर आधी विचारून घ्यावे. ते सकाळचे आठ असायचे!

समुद्रकाठी एक जुना किल्ला आहे. तो पोर्तुगीजांनी 1593 साली बांधायला घेतला. ज्यांनी गोवा घेतला, तेच हे पोर्तुगीज. पुढे इथे इंग्रज आले. केनिया स्वतंत्र झाला तो 12 डिसेंबर 1963 रोजी.

लोखंडी रस्ता

मोंबासाहून आत जायला आगगाडी आहे. या आगगाडीची कथा आपल्या माणसांची कथा आहे.

1896 साली इंग्रजांनी मोंबासाहून रूळ टाकायला सुरुवात केली. 1901 साली रूळ आतल्या मोठ्या सरोवरापर्यंत पोचले. लांबी सुमारे साडेनऊशे किलोमीटर. या कामासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर करार करून नेले. त्यांतले बहुतेक पंजाबकडचे होते. वाटेत पाण्याचा थेंब नसलेले काटेरी रान. त्यात हिवताप, हगवण आणि अपघात. सुमारे अडीच हजार मजूर मेले. म्हणजे दर मैलाला चार माणसे.

त्सावो नावाची नदी आहे. तिच्यावर पूल बांधताना 1898 साली दोन सिंह माणसांना चटावले. रात्री तंबूत शिरून माणूस ओढून नेत. मजुरांनी काट्यांची कुंपणे घातली, जाळ पेटवले. तरी उपयोग होईना. शेवटी शेकडो मजूर काम सोडून पळाले. काही दिवस पूल तसाच राहिला. डिसेंबरात दोन्ही सिंह मारले गेले, तेव्हा काम पुन्हा सुरू झाले.

काम संपल्यावर बहुतेक मजूर मायदेशी परतले. सहा-सात हजार तिथेच राहिले. त्यांच्यामागून दुकानदार, कारकून, सुतार गेले. 2017 साली केनियाच्या सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशातली 44 वी जमात म्हणून मान्यता दिली.

रान

2017 सालीच मोंबासा ते नैरोबी नवा लोहमार्ग सुरू झाला. आता पाच-सहा तासांत गाडी पोचते. ती त्सावोच्या अभयारण्यातून जाते. रूळ उंच भरावावर आहेत. खालून जनावरांना जायला मोठ्या वाटा ठेवल्या आहेत. खिडकीतून हत्ती दिसले तर दचकू नका, ते तांबडे दिसतील. तिथली माती तांबडी आहे, आणि हत्ती ती अंगावर उडवून घेतात.

1977 सालापासून केनियात शिकारीला बंदी आहे. जनावरे पाहायला जगभरचे लोक येतात. त्यांचा पैसा देशाला मिळतो. पण रानाच्या कडेला ज्याचे शेत आहे, त्याचे काय?

तिथला शेतकरी मका पिकवतो. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात. त्याला 'उगाली' म्हणतात. सोबत एक पालेभाजी असते. तिचे नाव 'सुकुमा विकी'. याचा अर्थ 'आठवडा ढकला'. हातात पैसा नसला, की या भाजीवर आठवडा निघतो. असे हे गरिबाचे जेवण. हत्तींचा कळप एका रात्री शेतात शिरला, की वर्षाचा मका गेला. कायद्याने भरपाई मिळते. पण ती वेळेवर हातात पडत नाही, अशी त्यांचीही तक्रार असते. आपल्याकडे रानडुकरांनी ज्याचे शेत उकरले आहे, त्याला हे दुःख वेगळे सांगायला नको.

हत्तीला विष घालावे, तर रान जाते. सोडून द्यावे, तर घर जाते. मग करावे काय?

त्सावोच्या शेजारच्या गावांत शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांनी मिळून एक युक्ती वापरात आणली. हत्ती मोठा खरा, पण मधमाशीला भितो. माशी सोंडेच्या आत आणि डोळ्यांभोवती चावते. तिथे कातडी नाजूक असते. म्हणून शेताभोवती खांब रोवतात. दर दहा मीटरवर मधमाश्यांची पेटी टांगतात. सगळ्या पेट्या एका तारेने जोडतात. अंधारात हत्ती आला आणि तारेला अडला, की पेट्या हलतात. माश्या बाहेर पडतात आणि हत्ती मागे फिरतो. शेत राखले जाते, हत्तीही जगतो, आणि वर मध विकायला मिळतो.

अर्थात हा रामबाण उपाय नव्हे. दुष्काळात फुले नसतात, तेव्हा माश्या पेट्या सोडून जातात. 2022 सालच्या दुष्काळात केनियात दोनशेहून जास्त हत्तीच तहानभुकेने मेले. पण जिथे पेट्या भरलेल्या असतात, तिथे बरेचसे हत्ती परत फिरतात.

शहर

गाडी चढत चढत नैरोबीला पोचते. हे केनियाच्या राजधानीचे शहर. उंची सुमारे 1,700 मीटर. आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच! म्हणून विषुववृत्ताजवळ असूनही इथे सकाळी गारठा असतो. मासाई लोकांच्या भाषेत 'नैरोबी' या नावाचा अर्थच गार पाणी. 1899 साली इथे दलदल होती. रेल्वेने सामान ठेवायला तळ टाकला आणि त्याचे शहर झाले.

आज इथे उंच इमारती आहेत आणि पत्र्याच्या झोपड्यांच्या मोठमोठ्या वस्त्याही आहेत. आणि शहराला लागूनच सिंह आहेत! 1946 सालापासून इथे अभयारण्य आहे. त्याला तीन बाजूंनी कुंपण आहे. दक्षिणेची बाजू मोकळी आहे. जनावरांना चरायला बाहेर जाता यावे, म्हणून ती मोकळी ठेवली. पण त्याच बाजूला मासाई गुराख्यांची वस्ती आहे. सिंह येतो आणि गाय नेतो. मग चिडून लोक सिंह मारतात.

तिथल्या एका मासाई मुलावर वडिलांची गुरे राखण्याचे काम होते. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. हातात बत्ती घेऊन फिरले, की सिंह जवळ येत नाही. हलता उजेड दिसला, की त्याला वाटते माणूस जागा आहे. पण रात्रभर कोण फिरणार? मुलाने जुनी बॅटरी, मोटारसायकलचा इंडिकेटर आणि विजेरीचे दिवे घेतले. ते गोठ्याभोवती असे लावले, की आपोआप लुकलुकत राहतील. सिंह येईनासे झाले. शेजाऱ्यांनीही तसे दिवे लावून घेतले.

सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच मुलखात सिंहापुढे दोनच वाटा होत्या, मारा किंवा मरा. आता तिसरी वाट शोधणे चालू आहे. ती शोधणारे नुसते मोठे साहेब नाहीत. रानाच्या कडेला राहणारा शेतकरी आणि गुराखी तीत पुढे आहे, कारण नुकसान त्याचे होते आणि जनावराची चालही त्यालाच ठाऊक असते.

जाणाऱ्यासाठी दोन शब्द

केनियाला जायचे तर पीतज्वराची लस आधी टोचून घ्यावी. निदान दहा दिवस आधी टोचावी आणि दाखला जपून ठेवावा. परत येताना आपल्या विमानतळावर तो मागतात. किनाऱ्याला हिवताप आहे. तिथे मच्छरदाणीत निजावे आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना औषध विचारावे. रानात गाडीतून खाली उतरू नये.

आणि गोरखचिंचेखाली कुणी चाय पाजली, तर 'असांते' म्हणावे. असांते म्हणजे आभारी आहे.